साखरेची लांब साखळी आणि सरकारी धोरण : ब्राझीलकडून घ्यायचा धडा



गेल्या महिन्यात गट-बैठकांच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरलो. एका बैठकीत एक जुने सभासद उठून म्हणाले, "ऊस आमचा, घाम आमचा, कारखाना आमचा. मग साखरेचा भाव न्यूयॉर्कात कसा काय ठरतो? आन् दिल्लीनं एक कागद काढला की आपल्या डिस्टिलरीचं चाक का थांबतं?" त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मागच्या रांगेतला एक तरुण सभासद म्हणाला, "माझ्या उसात साखर जास्त भरते, पण पैसे सगळ्यांच्या सरासरीनं मिळतात. मग मी पक्व ऊस येईपर्यंत कशाला थांबू?"

त्या वेळी आम्ही दोन्ही प्रश्नांना थोडक्यात उत्तरे दिली, पण ती आमची आम्हालाच पुरेशी वाटली नाहीत. घरी आल्यावर विचार केला तेव्हा ध्यानात आले की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पहिला प्रश्न जगाच्या बाजाराचा आणि सरकारच्या धोरणाचा आहे, दुसरा आपल्या काट्यावरचा आहे. पण दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे : साखळीत मोजमाप कोणाच्या हातात आहे आणि नवे ज्ञान कोणापाशी आहे. हे नीट समजावे म्हणून या अंकातला सभासद-शिक्षणाचा पाठ आम्ही ब्राझील देशाच्या उसावर घेतला आहे. पाठ जरा लांब आहे. एका बैठकीत वाचून होणार नाही, दोन वेळा बसावे.

मूल्यसाखळी म्हणजे काय?

आपण लागण केली, ऊस वाढवला, टोळी आली, ऊस गव्हाणीत पडला आणि साखरेचे पोते शिवले गेले. आपल्या लेखी काम इथे संपते. पण त्या साखरेचा प्रवास इथून पुढे सुरू होतो. गोदाम, व्यापारी, बंदर, जहाज, शुद्धीकरण कारखाना, मिठाईवाला किंवा शीतपेयवाला आणि शेवटी गिऱ्हाईक. प्रत्येक टप्प्यावर मालात काहीतरी भर पडते आणि प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपला हिस्सा ठेवून घेतो. या सगळ्या टप्प्यांच्या माळेला मूल्यसाखळी म्हणायचे. टप्पे निरनिराळ्या देशांत पसरले की ती जागतिक मूल्यसाखळी झाली.

साखरेच्या बाबतीत ही साखळी फार जुनी आहे. कच्च्या साखरेचा जगातला भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात 'नंबर अकरा' नावाच्या करारावर ठरतो आणि तो पौंडाला किती सेंट असा बोलला जातो. पांढऱ्या साखरेचा भाव लंडनच्या 'नंबर पाच' करारावर ठरतो. तिथे कोणी पोती घेऊन बसलेले नसते. पुढच्या महिन्यांत जगात किती साखर येईल आणि किती खपेल, या अंदाजावर सौदे होतात. जगाच्या निर्यातीतली निम्म्याच्या आसपास साखर एकट्या ब्राझीलची असते. त्यामुळे तिकडे पाऊस लांबला किंवा तिकडच्या कारखान्यांनी साखरेऐवजी इथेनॉल जास्त करायचे ठरवले, की इकडे आपल्या निर्यातीचा हिशोब बदलतो.

आता एक उदाहरण पाहू. दुबईच्या जेबेल अली बंदरावर, वाळवंटात, १९९५ पासून साखर शुद्धीकरणाचा एक फार मोठा कारखाना चालू आहे. त्या मुलुखात उसाचे एक कांडे पिकत नाही. ब्राझीलसारख्या देशांतून कच्ची साखर जहाजाने येते, तिथे ती धुऊन-गाळून पांढरी शुभ्र होते आणि पुन्हा जहाजाने दुसऱ्या देशांना जाते. ऊस नसलेल्या देशाने साखरेतला एक टप्पा आपल्याकडे ओढून घेतला तो बंदर, कसब आणि सरकारची अनुकूल धोरणे यांच्या जोरावर. यावरून पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी : साखळीत पैसा नुसता माल पिकवणाऱ्याकडे जात नाही. जो अवघड काम करतो आणि ज्याच्याशिवाय पुढच्याचे अडते, त्याच्याकडे तो जातो.

१९७५ : ब्राझीलवर आलेले संकट

१९७३ साली अरब देशांनी खनिज तेलाचे भाव कडाडून वाढवले. ब्राझीलला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ऐंशी टक्के तेल तेव्हा बाहेरून येत होते. परकीय चलन भराभर संपू लागले. साखरेने सुरुवातीला हात दिला, कारण १९७४ च्या अखेरीस जागतिक भाव पौंडाला साठ सेंटच्या वर चढला होता. पण चढला तसाच तो कोसळला आणि दोन-तीन वर्षांत दहा सेंटच्याही खाली आला. तेल महाग, साखर स्वस्त आणि शेतात ऊस उभा, अशी ती कोंडी होती. आपल्याकडे ज्यांनी मोठ्या गाळपाच्या वर्षी पडलेले भाव सोसले आहेत, त्यांना ही कोंडी वेगळी समजावून सांगायला नको.

१४ नोव्हेंबर १९७५ रोजी ब्राझीलच्या सरकारने 'प्रोआल्कूल' ही राष्ट्रीय अल्कोहोल योजना जाहीर केली. उसापासून इंधन करायचे, तेलाची आयात कमी करायची आणि साखरेवरचा बोजा उतरवायचा, असा तिचा हेतू होता. कल्पना नवी नव्हती. १९३१ सालीच तिथे आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल मिसळण्याचा कायदा झाला होता. नवी होती ती सरकारची पद्धत. साखळीतल्या एकाच कडीला मदत करून न थांबता सरकारने सगळ्या कड्या एकदम हलवल्या.

डिस्टिलरी उभारण्यासाठी अगदी कमी व्याजाने कर्ज दिले. तयार झालेले अल्कोहोल ठरलेल्या भावाने उचलण्याची जबाबदारी सरकारी तेल कंपनीवर टाकली. पुढे पंपावरचा अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशाच्या आत राहील असे बंधन घातले. अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांना करात सवलत दिली. म्हणजे कर्ज देणारा, विकत घेणारा, गाडी बनवणारा आणि गाडी चालवणारा, या चौघांनाही एकाच दिशेला तोंड करून उभे केले.

नवे तंत्र कोठून आले?

पण कर्ज आणि सवलती देऊन इंजिन चालत नाही. अल्कोहोलमुळे टाकी गंजते, कार्ब्युरेटर खराब होतो, थंडीच्या सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. ही अडचण साओ जोझे दोस काम्पोस इथल्या हवाई दलाच्या तंत्रकेंद्राने अंगावर घेतली. उर्बानो एर्नेस्टो स्टुम्पफ नावाचे अभियंते तिथे बरीच वर्षे अल्कोहोलच्या इंजिनावर काम करीत होते. त्यांनी बदललेली इंजिने गाड्यांत बसवून त्या देशभर हजारो किलोमीटर फिरवून पाहिल्या. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ ही गाडी बाजारात आली. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर तिकडे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींत नऊहून अधिक मोटारी अल्कोहोलच्या होत्या.

दुसरे काम उसाच्या शेतात चालले होते, आणि आपल्या दृष्टीने ते जास्त मोलाचे आहे. साओ पावलो प्रांतातल्या साखर कारखान्यांनी १९५९ मध्ये 'कोपरसुकर' नावाचा सहकारी संघ काढला होता. (तो ऊस पिकवणाऱ्यांचा नसून कारखानदारांचा होता, हा फरक विसरू नये.) या संघाने पिरासिकाबा गावी स्वतःचे संशोधन केंद्र चालवले आणि 'एसपी' नावाच्या जाती दिल्या. सरकारने १९७१ मध्ये 'प्लानालसुकर' ही योजना काढून 'आरबी' नावाच्या जाती दिल्या. एक केंद्र कारखान्यांच्या पैशावर चालत होते, दुसरे सरकारच्या. दोघांच्या चढाओढीत शेतकऱ्याला दर काही वर्षांनी नवी जात मिळत गेली. पहिली तीन दशके संपेपर्यंत तिकडे एका हेक्टरातून निघणारे इथेनॉल दुपटीहून जास्त झाले. ही वाढ एका युक्तीने झालेली नाही. जात, पक्व उसाची वेळेवर तोड, आंबवण्याचे चांगले यीस्ट आणि गिरणीतले चांगले पिळणे, अशी थोडी थोडी भर पडत ती झाली.

इथे आपल्या देशाचा एक धागा सांगितला पाहिजे. उसाच्या संकराचे काम जगात ज्या थोड्या ठिकाणांनी पायाशुद्ध केले, त्यांत १९१२ साली सुरू झालेले कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र आहे. तिथल्या 'को' जाती देशोदेशी गेल्या. 'एनको ३१०' ही एके काळी जगभर पसरलेली जात घ्या. तिचा संकर कोइमतूरचा आणि निवड दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात झालेली. नाताळचा 'एन' आणि कोइमतूरचा 'को', असे ते नाव पडले. तेव्हा नवे ज्ञान म्हणजे परक्यांचीच मिरास, असे आपण मानण्याचे कारण नाही. ज्ञान आपल्याकडेही होते. त्याच्यामागे सलग धोरण, पैसा आणि बाजार किती उभा राहिला, एवढाच प्रश्न आहे.

१९८९ : पंपावर रांगा

इथवरची गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल, की सरकारने ठरवले आणि सोने झाले. पण पुढची दहा वर्षे पाहिल्याशिवाय धडा पुरा होत नाही.

१९८६ मध्ये जगात तेलाचे भाव कोसळले. स्वस्त तेलापुढे अल्कोहोल महाग दिसू लागले. सरकारवर कर्जाचा डोंगर होता आणि महागाई हाताबाहेर गेली होती. कारखान्यांना मिळणारा अल्कोहोलचा भाव मागे राहिला, नवी कर्जे आटली. तेवढ्यात जगात साखरेचा भाव सुधारला. कारखानदारांनी काय केले? रस साखरेकडे वळवला. सवलतीच्या मोहाने लाखो लोकांनी अल्कोहोलच्या गाड्या घेतल्या होत्या. १९८९ आणि १९९० मध्ये त्यांना पंपापुढे रांगा लावाव्या लागल्या. ज्या देशाने आयात टाळण्यासाठी योजना काढली, त्याला अल्कोहोलच बाहेरून आणावे लागले. लोकांचा विश्वास उडाला. दहातल्या नऊ गाड्या जिथे अल्कोहोलच्या खपत होत्या, तिथे काही वर्षांत नव्या अल्कोहोल गाड्यांचा खप जवळजवळ शून्यावर आला.

चूक कोणाची म्हणायची? सरकारने पाळता न येण्याजोगे वचन दिले होते. कारखानदाराने त्या वर्षीचा फायदा पाहिला. गिऱ्हाईकाला पर्याय ठेवलेला नव्हता, कारण त्याची गाडी एकाच इंधनावर चालत होती. आणि ऊस पिकवणारा शेतकरी या तिघांच्या मध्ये उभा होता. १९३३ पासून साखर-अल्कोहोलचे भाव आणि कोटे ठरवणारे सरकारी मंडळही १९९० मध्ये बंद झाले. एका लेखणीच्या फटकाऱ्यात वर्षानुवर्षांचा आधार गेला.

मग शिल्लक काय राहिले?

सवलती गेल्या, मंडळ गेले, पण तीन गोष्टी राहिल्या. ब्राझील पुन्हा उभा राहिला तो या तीन गोष्टींवर.

पहिली गोष्ट सक्तीच्या मिश्रणाची. निव्वळ अल्कोहोलच्या गाड्या बंद पडल्या तरी साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे बंधन सरकारने काढले नाही. १९९३ मध्ये कायद्याने ते बावीस टक्के ठरवले. पुढे त्यात थोडे खाली-वर होत राहिले, २०१५ मध्ये ते सत्तावीस टक्के झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के. टक्का हलला, पण बाजार एका रात्रीत नाहीसा झाला नाही.

दुसरी गोष्ट ज्ञानाची. सरकारी योजना बंद झाल्यावर 'आरबी' जातींचे काम विद्यापीठांनी एकत्र येऊन पुढे चालवले. कारखान्यांचे केंद्रही चालू राहिले. पुढे २००३ मध्ये फोक्सवागनने पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी गाडी तिकडे आणली. आता पंपावर उभा राहून गिऱ्हाईकच ठरवू लागला, की आज काय स्वस्त आहे. एकोणनव्वदच्या रांगांना तोंड देणारे उत्तर असे तंत्रातून मिळाले.

तिसरी गोष्ट मोजमापाची. आमच्या मते आपल्या सभासदांनी सर्वांत नीट वाचावी अशी हीच आहे.

उसाचे वजन की उसातली साखर?

साओ पावलोत १९८३-८४ च्या हंगामापासून उसाचे पैसे नुसत्या वजनावर न देता त्यातल्या साखरेच्या प्रमाणावर देण्यास सुरुवात झाली. ही पद्धत सरकारने लावली होती. सरकारी मंडळ गेल्यावर ती मोडायला हरकत नव्हती. पण १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ऊस पिकवणाऱ्यांची संघटना आणि कारखानदारांची संघटना एकत्र बसल्या आणि त्यांनी 'कोन्सेकाना' नावाचे एक संयुक्त मंडळ केले. त्यात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सारखे. त्यांची रीत साधारण अशी आहे.

उसाची गाडी आली की यंत्राच्या नळीने भरलेल्या उसातून नमुना काढतात. प्रयोगशाळेत तपासून एका टनात किती किलो साखर मिळण्याजोगी आहे ते ठरते. मग एका किलो साखरेचा भाव काढतात. तो नुसत्या साखरेच्या पोत्यावरून निघत नाही. देशात विकलेली साखर, निर्यात केलेली साखर आणि इथेनॉलचे प्रकार यांचे बाजारातले भाव विद्यापीठाचे लोक गोळा करतात, आणि कोणता माल किती झाला त्या प्रमाणात त्यांची सरासरी धरतात. म्हणजे कारखान्याने रस इथेनॉलकडे वळवला आणि त्यात फायदा झाला, तर ऊसवाल्याच्या भावात तो आपोआप दिसतो. वळवण्यात तोटा झाला, तर तोही दिसतो. शेतकऱ्यांच्या संघटनेचा माणूस प्रयोगशाळेतले काम पाहू शकतो. ही पद्धत कायद्याची सक्ती नाही, आपसातला करार आहे. तरी ती टिकली, कारण दोघांनाही तिच्याशिवाय भांडणाला अंत दिसत नव्हता.

ब्राझीलचे सगळेच चांगले, असे मात्र कोणी समजू नये. तिकडे उसाचा मोठा हिस्सा कारखान्यांच्या स्वतःच्या किंवा भाड्याच्या जमिनीवर होतो. आपल्यासारखा एकर-दोन एकरवाला तिथे फारसा नाही. ऊस पेटवून तोडण्याची रीत अनेक वर्षे चालली, धुराने गावे काळवंडली, आणि २००२ मध्ये साओ पावलोला ती टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा कायदा करावा लागला. त्यापाठोपाठ यंत्रे आली आणि हाताने ऊस तोडणाऱ्या फार मोठ्या संख्येच्या मजुरांचे काम गेले. तेव्हा नक्कल करायची नाही. काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हे आपले आपण ठरवायचे आहे.

आपल्याकडची स्थिती

योगायोग असा, की ब्राझीलने योजना काढली त्याच १९७५ साली आपल्या महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी मांजरीला स्वतःची संशोधन संस्था सुरू केली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र तर १९३२ पासूनचे. प्रवरानगरच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊसवाल्यालाच कारखान्याचा मालक केले, तसे ब्राझीलमध्ये क्वचितच दिसते. म्हणजे आपल्या हातात दोन पत्ते चांगले आहेत : मालकी आपली आणि संशोधन आपले.

तिसरा पत्ता, धोरणाचा, मात्र हलता आहे. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात आपल्याकडे २००३ मध्ये नऊ राज्यांत झाली, पण पुढची दहा-बारा वर्षे ते रडतखडत चालले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि थेट रस यांच्या इथेनॉलला वेगवेगळे भाव मिळू लागले आणि राज्यभर डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. एक टन उसाच्या शेवटच्या मळीतून जेमतेम दहा-अकरा लिटर इथेनॉल निघते. सगळा रस वळवला तर सत्तर ते ऐंशी लिटर. कर्ज काढून यंत्रे बसवली गेली ती या हिशोबावर. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम भरात असताना, रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. पाऊस कमी झाला होता आणि देशात साखर कमी पडेल अशी सरकारला धास्ती होती. आठवड्याभरात सतरा लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सूट मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी बंधने उठली. पण बँकेचे हप्ते तेवढे दिवस थांबले नाहीत.

निर्यातीचेही तसेच. २०२१-२२ मध्ये देशाने सुमारे एकशे दहा लाख टन साखर बाहेर पाठवली, आजवरचा तो उच्चांक होता. जून २०२२ पासून निर्यातीवर बंधन आले, २०२३-२४ मध्ये ती बंदच राहिली आणि २०२४-२५ साठी दहा लाख टनांची परवानगी मिळाली. जागतिक बाजारात जो गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेला, तो आपल्या सोयीने परत येतोच असे नाही.

सरकारची बाजूही समजून घेऊ. त्याला साखर खाणाऱ्याचा भाव बघायचा असतो, पेट्रोलचे परकीय चलन बघायचे असते आणि उसाची बिलेही. शिवाय इथेनॉलमध्ये आता ऊस एकटा राहिलेला नाही. देशाने २०२५ मध्ये वीस टक्के मिश्रण गाठले, पण त्या इथेनॉलमध्ये मका आणि इतर धान्यांचा वाटा उसापेक्षा मोठा झाला. तेव्हा धोरण आपल्याच सोयीने चालेल या भरवशावर बसून भागणार नाही. स्थिर धोरण मागायचे ते मागत राहूच, त्यासाठी संघामार्फत आवाज उठवूच. पण धोरण बदलले तरी जे आपल्याकडे शिल्लक राहील ते आधी मिळवले पाहिजे. ब्राझीलला सावरले ते अशाच शिलकीने.

आपल्या काट्यावर

आता त्या तरुण सभासदाच्या प्रश्नाकडे येऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३५५० रुपये आहे. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनास ३४ रुपये ६० पैसे वाढतात. म्हणजे कारखान्याचा उतारा अर्धा टक्का वाढला तर टनामागे १७३ रुपये, आणि शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला १७,३०० रुपये. पाच लाख टन गाळपावर अर्धा टक्का म्हणजे २५,००० क्विंटल साखर. ही साखर कुठल्याही कारखान्यात यंत्र तयार करीत नाही. ती शेतातच तयार होते. कारखाना फक्त ती वाया जाऊ देतो किंवा देत नाही.

पण उतारा मोजतात साऱ्या कारखान्याचा. कोणी बारा महिन्यांची पक्व लागण स्वच्छ तोडून घालतो, कोणी कोवळा खोडवा वाढ्या-पाचटासकट घालतो, आणि दोघांना दर एकच. चांगला ऊस घालणारा कंटाळतो. हे न्यायाचे नाही, आणि यातून कोणी नवे काही करून पाहण्याची उमेदही धरत नाही.

म्हणून काही संचालकांनी अशी सूचना मांडली आहे, की कायद्याचा दर सर्वांना आहे तसाच सारखा द्यावा, त्याला कोणी हात लावू शकत नाही आणि लावूही नये. पण त्याच्या वर जे काही देणे शक्य होईल, त्यातला एक भाग गटवार मोजलेल्या साखरेप्रमाणे वाटावा. अजून निर्णय झालेला नाही. विषय वार्षिक सभेपुढे येण्याआधी तो प्रत्येक गटात घासून-पुसून व्हावा, एवढ्यासाठीच हा लेख.

विरोधात बोलणाऱ्यांचे म्हणणेही वजनदार आहे. तोडणीची तारीख सभासदाच्या हातात नसते. पाळी उशिरा आली, टोळी मधेच पळाली, तोडलेला ऊस यार्डात दोन दिवस वाळला, तर साखर घटते. त्याचा दंड शेतकऱ्याने का सोसावा? वीस गुंठेवाल्याची एक ट्रॉली येते. एका नमुन्यावर त्याचा निवाडा कसा करायचा? आणि नमुना काढणारा माणूस कारखान्याचाच असेल, तर भरवसा कोणी ठेवायचा? या शंका खोट्या नाहीत. ब्राझीलमध्येही शेतकऱ्यांचा माणूस प्रयोगशाळेत उभा राहिल्यावरच भरवसा बसला. आमचे मत विचाराल तर असे : मोजमाप आले पाहिजे, पण सभासदाच्या डोळ्यांसमोर आले पाहिजे, आणि कारखान्याच्या दिरंगाईचा भार कारखान्याने उचलला पाहिजे. या दोन अटी नसतील तर आज आहे तीच पद्धत बरी.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. नमुना एकेका सभासदाचा घ्यावा की गटाचा एकत्र? लहान सभासदावर अन्याय होऊ नये म्हणून काय करावे?

२. तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गाळला गेला नाही, तर तो नमुना हिशोबात धरावा का?

३. प्रयोगशाळेत सभासदांचा प्रतिनिधी कोणी निवडायचा? संचालक मंडळाने की गट-सभेने?

४. इथेनॉलला वळवलेल्या रसातली साखर उताऱ्याच्या हिशोबात कशी धरली, हे दर महिन्याला गट-ऑफिसच्या फलकावर लावावे का?

५. टनामागे काही रक्कम फक्त बेणे-मळा आणि जातींच्या चाचणीसाठी बाजूला ठेवायची झाली, तर आपण किती देऊ?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर देताना एवढे आठवावे, की मांजरीची संस्था आपल्या वाडवडिलांनी उसाच्या बिलातूनच उभी केली. तेव्हा बिल आजच्यापेक्षा पुष्कळ लहान होते.

ज्या जुन्या सभासदांनी पहिला प्रश्न विचारला, त्यांना आमचे उत्तर आता असे राहील. न्यूयॉर्कचा भाव आपल्याला ठरवता येणार नाही. दिल्लीच्या कागदावर आपल्याला बोलता येईल, पण सही आपली नसेल. आपल्या उसात साखर किती, हे मात्र आपण आपल्या काट्यावर, आपल्या माणसासमोर मोजू शकतो. गटांनी आपली मते लेखी करून वार्षिक सभेच्या आधी गट-ऑफिसात द्यावीत. मतभेद असतील तर तेही लिहावेत, ते आम्ही पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू.